स्लाइड रोल ‘पुश’ करायला देण्यापूर्वी

जत्रेतलं दशावतारी नाटक, विसर्जनाची मिरवणूक, नाटकाची रंगीत तालीम. अशा ठिकाणी काढलेला स्लाइड रोल (धुतल्यावर जिच्यावर थेट रंगीत चित्र दिसतं ती फिल्म) आमच्या लॅबच्या काउंटरवर ठेवताना बरेच जण म्हणतात, ‘जरा पुश करून द्या.’ किती, असं विचारलं की दोन्हीकडे शांतता. हे ‘किती’ फोटो काढण्याआधीच ठरायला हवं, म्हणून हे पत्रक.

पुश करताना आम्ही काय करतो?

स्लाइड फिल्म ई-६ प्रक्रियेनं धुतात. पहिल्या डेव्हलपरमध्ये (चित्र उमटवणाऱ्या रसायनात) ती ३८ अंश सेल्सिअसला साधारण ६ मिनिटं असते. जिथे उजेड पडला तिथले चांदीचे क्षार इथे काळे होतात आणि जे उरतात त्यांच्या जागी पुढच्या टप्प्यात रंग तयार होतो. रोलला उजेड कमी मिळाला असेल तर उरलेले क्षार जास्त, रंग जास्त, म्हणून स्लाइड काळपट. पुश म्हणजे या पहिल्या डेव्हलपरचा वेळ वाढवणं : एक स्टॉपसाठी (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा) सुमारे ८ मिनिटं, दोनसाठी सुमारे ११. बाकीच्या बाथना (रसायनांना) आम्ही हात लावत नाही.

समजा, रंगमंचावर १०० आयएसओला (आयएसओ म्हणजे फिल्मची उजेडाबद्दलची संवेदनशीलता) लेन्स एफ २ वर उघडून शटर १/१५ सेकंद येतोय. राजानं तलवार उगारली की तलवारीसकट राजाही हलणार. तोच रोल ४००ला धरलात, म्हणजे दोन स्टॉप पुश ठरवलात, तर १/६० मिळतो. तलवार हलेलच, पण चेहरा टिकेल. पुशचा खरा फायदा एवढाच.

आता तोटे. जिथे उजेड पोचलाच नाही, तिथे फिल्म कितीही वेळ डेव्हलपरमध्ये ठेवली तरी काही उमटत नाही. उजेडातला गाल उजळतो, सावलीतला तसाच राहतो, म्हणजे कॉन्ट्रास्ट वाढतो. ग्रेन (चित्रातला दाणेदारपणा) वाढतो, रंगही थोडे सरकतात. शिवाय जादा वेळामुळे उजेड न लागलेले क्षारही थोडेफार काळे होतात आणि स्लाइडमधला काळा रंग पातळ पडतो. लाइटबॉक्सवर नेहमीची पट्टी आणि दोन स्टॉप पुश केलेली पट्टी शेजारी ठेवून छिद्रांजवळची कड बघा. एकीची कोळशासारखी काळी, दुसरीची धुरकट. काउंटरवर नमुने आहेत, मागून घ्या.

कोणती फिल्म?

प्रोव्हिया १००एफ एक स्टॉप सहज पेलते, दोनही चालवून घेते. एक्टाक्रोम ई१०० (२०१८ साली परत आलेली) आम्ही एकावरच थांबवायला सांगतो. व्हेल्व्हिया ५० मुळातच कडक कॉन्ट्रास्टची, तिला एकाच्या पुढे नेऊ नका. मुदत संपलेल्या रोलमध्ये फॉग (उजेड न लागताही आलेला धुरकटपणा) आधीच असतो, पुशनं तो आणखी वाढतो. कोडाक्रोम ई-६मध्ये धुताच येत नाही.

कधी पुश करू नये?

ट्रायपॉड लावता येत असेल तेव्हा. दीपमाळ, रोषणाई केलेलं देऊळ, नदीकाठचा घाट, यातलं काही पळून जात नाही. फुजीच्या माहितीनुसार प्रोव्हियाला १२८ सेकंदांपर्यंतच्या एक्स्पोजरला काहीच दुरुस्ती लागत नाही. १००लाच ठेवा आणि शटर उघडा.

हॅलोजनच्या पिवळ्या उजेडाचं काय, असंही विचारतात. आजच्या स्लाइड फिल्म दिवसाच्या उजेडासाठी बनवलेल्या, त्यामुळे चित्र केशरी येणार. ८०ए फिल्टर (केशरीपणा काढणारी निळी काच) लावलात तर तो दोन स्टॉप खातो, म्हणजे पुशनं कमावलं ते फिल्टरला दिलं. आमचं मत विचाराल तर केशरी रंग तसाच राहू द्या. तो नकोच असेल तर कृष्णधवल रोल भरा. एचपी५ किंवा ट्राय-एक्स १६००ला धरून काढलेले रोल आम्ही नेहमी धुतो.

रोल देताना

पुश अख्ख्या रोलला लागतो, चार फ्रेमपुरता करता येत नाही. पहिल्या फ्रेमपासून शेवटपर्यंत आयएसओ एकच ठेवा. कॅमेरा डीएक्स कोड (कॅसेटवरचा, फिल्मचा आयएसओ सांगणारा) आपोआप वाचत असेल आणि आयएसओ बदलता येत नसेल, तर एक स्टॉपसाठी एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन उणे १ करा. कॅसेटवर ‘१००चा रोल, २००ला काढला’ असं पेननं लिहा. नुसतं ‘+१’ लिहिलं की कॅमेऱ्यावरचं की आमच्याकडचं, हे कळत नाही.

अंदाजाचीच खात्री नसेल तर क्लिप टेस्ट सांगा. रोलच्या सुरुवातीचा तुकडा आधी धुऊन बघतो आणि त्यावरून बाकीच्या रोलचा वेळ ठरवतो. अंधारात कापताना दोन फ्रेममधली रेघ दिसत नाही, एखादी फ्रेम मधोमध कापली जाणारच. म्हणून पहिल्या चार-पाच फ्रेम त्याच उजेडात काढा, पण जीव लावावा अशा नकोत. चूक अर्ध्या स्टॉपचीच असेल तर पुश नको, स्कॅन करताना उजळून देऊ.

विमानप्रवास असेल तर न धुतलेला रोल सीटी स्कॅनरमधून जाऊ देऊ नका, हातानं तपासायची विनंती करा. किरणांचा फॉग पुश केलेल्या रोलवर जास्त दिसतो.

पुशचे रोल वेगळ्या टँकमध्ये धुवावे लागतात, म्हणून दर वेगळा आहे. तेवढ्याच पुशचे आणखी रोल जमेपर्यंत थांबायची तयारी असेल तर तसं पावतीवर लिहून घ्या, दर कमी लावू.