उभा कोपर्निकस टोरुनचा, बसलेला वॉर्साचा

पोलंडमधले खगोलशास्त्रज्ञ कोपर्निकसचे दोन पुतळे फोटोत हमखास एकमेकांच्या नावावर खपतात. दोन्ही ब्राँझचे, दोन्ही एकोणिसाव्या शतकातले, दोघांच्याही हातात कड्याकड्यांचं गोलयंत्र. शहरंही दोन्ही विस्तुला नदीच्या काठी.

खूण सोपी आहे. उभा असलेला, उजव्या हाताचं बोट आकाशाकडे रोखलेला कोपर्निकस टोरुनचा. बसलेला, हातात वर्तुळ काढायचा कंपास धरलेला वॉर्साचा.

टोरुन हे त्याचं जन्मगाव. १४७३ मध्ये तो तिथे जन्मला. जुन्या शहराच्या चौकात, टाउन हॉलसमोर १८५३ मध्ये त्याचा पुतळा उभा राहिला. बर्लिनचा शिल्पकार फ्रीडरिश टीक याने तो घडवला. तेव्हा टोरुन प्रशियाच्या ताब्यात होतं, आणि कोपर्निकस जर्मन की पोलिश हा वाद आधीच पेटलेला होता. चौथऱ्यावरचा मजकूर मात्र लॅटिनमध्ये आहे: टोरुनचा निकोलस कोपर्निकस, ज्याने पृथ्वीला चालवलं आणि सूर्याला, आकाशाला थांबवलं. त्याच्या आयुष्यभराच्या कामाबद्दल इतक्या थोड्या शब्दांत याहून नेमकं काही लिहिता आलं असतं, असं मला वाटत नाही. शिवाय नावाला जोडलंय ते गावाचं नाव, देशाचं नाही.

वॉर्साचा पुतळा त्याच्या २३ वर्षं आधीचा, १८३० चा. कोपर्निकसचं घर वॉर्सात कधीच नव्हतं. पण पोलंडचे तुकडे झाले होते, वॉर्सावर रशियन झारची सत्ता होती, आणि पोलिश विचारवंत स्तानिस्वाव स्ताशित्स यांनी पुतळ्यासाठी पुढाकार घेतला. डॅनिश शिल्पकार थोरवाल्डसेनने तो घडवला. चौथऱ्याच्या एका बाजूला लॅटिनमध्ये ‘कृतज्ञ मायदेशाकडून’ आणि दुसऱ्या बाजूला पोलिशमध्ये ‘देशबांधवांकडून’ असं कोरलं. इथे हक्क गाव सांगत नाही, देश सांगतो.

म्हणूनच दुसऱ्या महायुद्धात नाझींनी या पुतळ्यावर जर्मन पाटी ठोकली. फेब्रुवारी १९४२ मध्ये अलेक दाविदोव्स्की या २१ वर्षांच्या स्काउटने त्या पाटीचे स्क्रू काढले आणि ती उतरवून नेली. नाझींनी त्याचा सूड यान किलिन्स्की या दुसऱ्या पोलिश वीराचा पुतळा हलवून उगवला. तो एका संग्रहालयात नेऊन ठेवलाय, हे दाविदोव्स्कीने थेट त्या संग्रहालयाच्या भिंतीवरच किलिन्स्कीच्या नावाने रंगवलं: वॉर्साच्या लोकांनो, मी इथे आहे! १९४४ च्या उठावानंतर कोपर्निकसचा पुतळाही वितळवण्यासाठी नेला होता. तो नीसा गावात सापडला आणि परत आला. या पुतळ्यासाठी कोणी जीव धोक्यात घातला होता, हे माहीत झाल्यावर त्याच्याकडे नुसतं सजावट म्हणून बघता येत नाही.

आज त्याच्या भोवतीच्या फरशीत ग्रहांच्या कक्षाही बसवल्या आहेत. शिकागोत राहणाऱ्या मराठी मंडळींना पोलंड गाठायची गरज नाही. तिथल्या अॅडलर तारांगणाजवळचा बसलेला कोपर्निकस वॉर्साच्या पुतळ्याची प्रतिकृती आहे, १९७३ मध्ये, त्याच्या जन्माला ५०० वर्षं झाली तेव्हा बसवलेली. मॉन्ट्रियललाही अशीच एक आहे.