सागरी मत्स्यालयातील माशांची निवड

घरातील खाऱ्या पाण्याच्या टाकीत कोणते मासे ठेवायचे, किती ठेवायचे, कोणत्या क्रमाने सोडायचे आणि कोणते मुळीच आणायचे नाहीत, हे ठरवण्याची रीत. गप्पी, मॉली, गोल्डफिश पाळणाऱ्याची एखादी निवड चुकली तरी बहुधा निभावून जाते. खाऱ्या पाण्यात अशी सूट फारशी मिळत नाही. याचे एक कारण माशाच्या शरीरात आहे. समुद्री माशाच्या रक्तापेक्षा भोवतालचे पाणी अधिक खारट असते, त्यामुळे त्याच्या अंगातले पाणी सतत बाहेर ओढले जाते. ही तूट भरून काढायला तो समुद्राचे पाणी पितो आणि जादा क्षार मुख्यतः कल्ल्यांवाटे बाहेर टाकतो. टाकीतले पाणी बाष्पीभवनाने आटले आणि खारेपणा वाढला, की या यंत्रणेवर ताण पडतो. दुसरे कारण माशाच्या मूळ घरात आहे. प्रवाळभिंतीवर पाण्याचे तापमान, आम्लता व खारेपणा वर्षभर फारसा बदलत नाही, म्हणून तिथल्या माशांना चढउतार सोसण्याची सवय नसते.

पाण्याचे आकडे थोडक्यात असे : विशिष्ट गुरुत्व सुमारे १.०२५, तापमान २४ ते २७ अंश सेल्सिअस, पीएच ८.१ ते ८.४, अमोनिया व नायट्राइट शून्य. पीएच जितका जास्त तितका अमोनिया अधिक विषारी, त्यामुळे गोड्या पाण्यात खपून जाणारी घाण इथे जीवघेणी ठरते. नवीन टाकीत अमोनियाचे नायट्रेट करणारे जिवाणू स्थिरावायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. हे आठवडे भरलेली टाकी माशांविनाच ठेवावी. पूर्वी या काळात पाणी ‘तयार’ करण्यासाठी चिवट डॅमसेल मासे सोडण्याची पद्धत होती. ती क्रूर तर आहेच, शिवाय वाचलेला डॅमसेल पुढे त्या टाकीचा दादा होऊन बसतो.

मासा कुठून आला

रंगाच्या आधी विचारायचा प्रश्न हा : मासा समुद्रातून पकडलेला आहे की हॅचरीत वाढवलेला? गोड्या पाण्यातले बहुतेक शोभिवंत मासे तळ्यांत व टाक्यांत पैदा केलेले असतात. समुद्री माशांचा व्यापार मात्र अजूनही मोठ्या प्रमाणावर प्रवाळभिंतींवरच अवलंबून आहे. संयुक्त राष्ट्र पर्यावरण कार्यक्रमाच्या २००३ मधील अहवालाने या व्यापारात १,४७१ प्रजाती मोजल्या होत्या आणि वर्षाकाठी दोन कोटींहून अधिक मासे विकले जातात असा अंदाज दिला होता. फिलिपीन्स व इंडोनेशियात खडकांच्या फटींत सायनाइड फवारून मासे गुंगवून पकडण्याची चाल १९६० च्या दशकापासून पसरली. असा मासा दुकानात ताजातवाना दिसतो, घरी आल्यावर खातोही, आणि पुढे काही दिवसांत वा आठवड्यांत कारण न कळता मरतो. पाळणारा पाण्याला दोष देत राहतो.

हॅचरीतल्या प्रजातींची यादी अजून लहान का, याचे उत्तर माशांच्या बाल्यावस्थेत आहे. बहुतेक प्रवाळमाशांची अंडी पाण्यावर तरंगतात. त्यांतून निघणारी डिंभके अतिसूक्ष्म असतात व कित्येक आठवडे प्लवकांत, म्हणजे पाण्याबरोबर वाहणाऱ्या सूक्ष्म जीवांत, भटकतात. त्यांच्या तोंडात मावेल इतके बारीक जिवंत खाद्य रोज पुरवणे हेच खरे अवघड काम. क्लाउनफिश खडकाला चिकटवून अंडी घालतो, त्याचे डिंभक त्यामानाने मोठे असते आणि दोनेक आठवड्यांत त्याचे पिल्लू होते, म्हणून तो आधी जमला. टँग हे चपट्या अंगाचे प्रवाळमासे. हवाईचा पिवळा टँग २०१५ मध्ये तिथल्या ओशनिक इन्स्टिट्यूटने, तर निळा टँग २०१६ मध्ये फ्लोरिडा विद्यापीठाच्या प्रयोगशाळेने पहिल्यांदा टाकीत वाढवला. हवाईच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये पर्यावरणीय आढाव्याविना मत्स्यालयांसाठी मासे पकडण्याच्या परवान्यांना चाप लावल्यावर पैदाशीच्या पिवळ्या टँगचे महत्त्व आणखी वाढले. पैदाशीचा मासा महाग पडतो, पण तो टाकीतले पाणी, माणसाचा वावर आणि पाकिटातले खाद्य यांना सरावलेला असतो.

काय खातो, किती वाढतो

निवडीतला मोठा भाग नकार देण्याचा आहे. बाजारात येणारे काही मासे घरच्या टाकीत जवळजवळ ठरल्याप्रमाणे उपाशी मरतात, आणि नेमके तेच सर्वांत देखणे असतात. मँडरिन (सिंकिरोपस स्प्लेंडिडस) हा निळ्या-नारिंगी नक्षीचा छोटा मासा दिवसभर खडकावरचे कोपेपॉड नावाचे सूक्ष्म कवचधारी टिपत फिरतो. नव्या टाकीत ते नसतात, असले तर आठवड्याभरात संपतात, आणि कोरड्या खाद्याकडे तो ढुंकूनही पाहत नाही. टाकी वर्षभर जुनी, खडकांनी भरलेली आणि ऐसपैस असेल तरच त्याचा विचार करावा. फुलपाखरू माशांपैकी अनेक जाती फक्त जिवंत प्रवाळांचे पुंजके कुरतडून जगतात. मूरिश आयडल अनुभवी लोकांच्या हातूनही दगावतो. इतर माशांच्या अंगावरचे परजीवी खाणारा क्लीनर रॅस ‘डॉक्टर मासा’ म्हणून खपवला जातो, पण चार माशांच्या टाकीत या डॉक्टरला रोगीच पुरत नाहीत. त्याच्यासारखाच दिसणारा व तशाच लकबीने जवळ येऊन माशांचे लचके तोडणारा ॲस्पिडोंटस हा तोतयाही समुद्रात असतो, कधीमधी तो चुकून पेटीत येतो.

आकाराची फसवणूक याहून सर्रास होते. दुकानात रुपयाच्या नाण्याएवढा दिसणारा निळा टँग पूर्ण वाढीत सुमारे ३० सेंटीमीटर होतो आणि दिवसभर पोहत राहतो, त्याला निदान दोन मीटर लांबीची टाकी लागते. एम्परर एंजल लहानपणी गडद निळ्यावर पांढरी वर्तुळे मिरवतो, मोठेपणी पिवळ्या-निळ्या पट्ट्यांचा होतो आणि ४० सेंटीमीटरपर्यंत जातो. दोन्ही रूपे एकाच माशाची आहेत हे अनेक गिऱ्हाइकांना घरी गेल्यावर कळते. गोबरा म्हणजे ग्रूपर, तसेच वाम आणि लायनफिश यांना एकच नियम : तोंडात मावेल तो घास. लायनफिशच्या पाठीवरचे काटे विषारी असतात, घरात लहान मूल असेल तर तो नकोच. केंड आणि ट्रिगर यांचे दात शिंपले फोडणारे असल्याने कोळंबी, गोगलगाय, वायरी, काहीही सुटत नाही. बॉक्सफिश घाबरला किंवा मेला तर अंगातून विष सोडतो आणि सबंध टाकी मारू शकतो.

दर २० लिटर पाण्यामागे अडीच सेंटीमीटर मासा, असा एक ढोबळ हिशेब चालतो. तो लहान माशांपुरता बरा. मोजायची ती पूर्ण वाढलेली लांबी, दुकानातली नव्हे. साधारण २०० लिटरच्या टाकीत चार-पाच लहान मासे सुखाने राहतात. याहून छोटी टाकी स्वस्त असते पण पाणी लवकर बिघडते, त्यामुळे नवशिक्यासाठी लहानापेक्षा मोठी टाकी सोपी, हे ऐकायला उलटे वाटले तरी खरे आहे.

साजेसे मासे

सुरुवातीला क्लाउनफिशला तोड नाही. दुकानदाराच्या भाषेत तो ‘निमो’. ऑसेलॅरिस ही जात अंदमान-निकोबारपासून आग्नेय आशियापर्यंत आढळते, तिच्याशी मिळतीजुळती परक्युला उत्तर ऑस्ट्रेलिया व पापुआ न्यू गिनीकडची. हे मासे जन्मतः नर असतात. जोडीतला मोठा तो मादी होतो, आणि मादी मेली तर तिचा नर मादी बनतो. म्हणून दोन पिल्ले घ्यावीत आणि ती मुद्दाम लहान-मोठी निवडावीत. दोन मोठे मासे एकत्र सोडले तर दोन्ही माद्या असण्याचा संभव असतो आणि मग मारामारी होते. समुद्रात तो ज्याच्या आसऱ्याने राहतो त्या समुद्रपुष्पाशिवाय (सी ॲनिमोन) तो जगणार नाही ही समजूत चुकीची आहे. उलट समुद्रपुष्पालाच प्रखर प्रकाश आणि मुरलेले पाणी लागते, पहिल्या वर्षी त्याच्या वाटेला जाऊ नये.

बांगाई कार्डिनल हा सुलावेसीजवळच्या बांगाई बेटांपुरता मर्यादित असलेला शांत मासा. नर अंडी व पिल्ले तोंडात सांभाळतो, तरंगणारी अवस्थाच नसते. त्यामुळे तो टाकीत सहज वाढतो आणि त्याच कारणाने समुद्रात दूरवर पसरत नाही. अतिपकडीमुळे २००७ मध्ये त्याची नोंद संकटग्रस्त म्हणून झाली. तो घ्यायचा तर पैदाशीचाच. कॅरिबियन रॉयल ग्रामा, बोटभर फायरफिश आणि विविध गोबी हेही बरे पाहुणे. काही गोबी पिस्तूल कोळंबीबरोबर एकाच बिळात राहतात : अंधूक दिसणारी कोळंबी बीळ खणते, मासा दाराशी पहारा देतो. फायरफिश घाबरला की पाण्याबाहेर उडी मारतो, म्हणून टाकीवर जाळीचे झाकण हवे. हिरव्या क्रोमिसचा थवा मोहक दिसतो, मात्र घरच्या टाकीत त्यातले एकेक कमी होत शेवटी एखादाच उरतो, हा अनेकांचा अनुभव.

भिडस्त मासे आधी, भांडखोर शेवटी, हा सोडण्याचा क्रम. आधी आलेला मासा कोपरा आपला मानतो आणि नव्याला हुसकावतो. एका वेळी एक किंवा एक जोडी सोडावी व मध्ये दोन-तीन आठवडे जाऊ द्यावेत. एकाच रंगरूपाचे दोन मासे (जोडी सोडून) ठेवू नयेत.

दुकानात आणि घरी

मासा विकत घेण्याआधी दुकानदाराला आपल्यासमोर त्याला खाऊ घालायला सांगावे. जो खात नाही तो घेऊ नये, कितीही स्वस्त असो. पोट खपाटीला गेलेले, डोळ्यांच्या मागे पाठ चिमटल्यासारखी, कल्ले भराभर हलणारे, अंग खडकाला घासणारा, पंख मिटून कोपऱ्यात बसलेला, असा मासा टाळावा. काल आलेला मासा आठवडाभर दुकानातच राहू द्यावा. चांगला दुकानदार थोडे आगाऊ पैसे घेऊन तो राखून ठेवतो.

घरी मासा निदान चार आठवडे वेगळ्या, खडक-वाळू नसलेल्या टाकीत ठेवतात. अंगावर मिठाच्या कणांसारखे ठिपके पाडणारा क्रिप्टोकॅरिऑन आणि धुळीसारखा बारीक थर चढवून काही दिवसांत मारणारा ॲमिलूडिनियम हे परजीवी मुख्य टाकीत शिरले तर काढणे कष्टाचे असते. क्रिप्टोकॅरिऑन मासा सोडून तळाशी जातो आणि तिथे विभागून संख्येने वाढतो, त्यामुळे टाकी सहा आठवडे किंवा अधिक काळ माशांविना ठेवावी लागते. औषध म्हणून तांब्याचे क्षार वापरतात, ते फक्त वेगळ्या टाकीतच. कोळंबी, शिंपले व प्रवाळ तांब्याने मरतात.

भारतातील स्थिती

वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ खाली २००१ पासून समुद्रघोडे व त्यांच्या कुळातले मासे, दगडी प्रवाळ, काळे प्रवाळ आणि समुद्रपंखे यांना संरक्षण आहे. हे जीव जवळ बाळगणे गुन्हा ठरू शकतो. प्रवाळाचा सांगाडा असलेला ‘लाइव्ह रॉक’ही त्यात अडकतो, म्हणून इथे सिरॅमिक किंवा सिमेंटचे खडक वापरणे शहाणपणाचे. मालवण-वेंगुर्ल्याकडच्या खडकांतल्या डबक्यातून मासे धरून आणण्याचा मोह किनाऱ्यावरच्या मंडळींना होतो. ती पिल्ले बहुधा मोठ्या होणाऱ्या जातींची असतात. समुद्राचे पाणी भरून आणायचे तर पावसाळ्यात नको, नद्यांच्या गोड्या पाण्याने किनाऱ्याजवळचा खारेपणा घसरलेला असतो.

मुंबई-कोकणच्या उन्हाळ्यात पाणी ३० अंशांपलीकडे जाते. गरम व खाऱ्या पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो, तेव्हा पाणी थंड करणारा चिलर नसेल तर माशांची संख्याच कमी ठेवावी. वीज जाणाऱ्या गावात बॅटरीवरचा हवापंप घेतल्याशिवाय पहिला मासा आणू नये. मुंबईच्या मरीन ड्राइव्हवर १९५१ मध्ये सुरू झालेल्या तारापोरवाला मत्स्यालयाने कित्येकांना समुद्री माशांची पहिली ओढ लावली. आता केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने क्लाउनफिश व डॅमसेलच्या पैदाशीचे तंत्र बसवले आहे, आणि नवी मुंबईत ऐरोलीच्या किनारी व सागरी जैवविविधता केंद्रातही शोभिवंत समुद्री माशांची हॅचरी आहे. महाराष्ट्रातल्या नव्या पाळणाऱ्याने पहिली जोडी अशाच देशी हॅचरीतल्या क्लाउनफिशची घ्यावी.