यकृताचा ओव्हरटाइम

अपस्माराच्या गोळ्या चालू असलेल्या मुलाचा रक्ताचा रिपोर्ट आला की घरचे आधी ठळक छापलेले आकडे शोधतात. ‘जीजीटी’पुढे वर जाणारा बाण. ‘अल्कलाइन फॉस्फटेज’पुढे आणखी एक. दोन्ही ‘लिव्हर फंक्शन’ या मथळ्याखाली. झालं! फिटच्या गोळ्यांनी पोराचं लिव्हर खाल्लं, असा निकाल त्याच रात्री लागतो आणि दुसऱ्या दिवशीची गोळी डबीतच राहते. प्रयोगशाळेत जीवरसायनाचं काम करताना हा प्रश्न मी इतक्यांदा ऐकला आहे की त्या दोन बाणांवर एकदा सविस्तर लिहायचं ठरवलं.

आधी गोळीचं. ती परस्पर बंद करणं हे त्या बाणांपेक्षा कितीतरी जास्त धोक्याचं असतं. फेनोबार्बिटलसारखं औषध एकदम तोडलं तर लागलेली फिट थांबायचं नाव घेत नाही, अशी वेळ येऊ शकते. रिपोर्ट घेऊन डॉक्टरांकडे जावं. तोवर डोस चालू ठेवावा.

आता यकृताकडे वळू. माझा जीव तिथेच अडकलेला आहे.

मेंदूत शिरायचं तर औषध तेलकट स्वभावाचं लागतं, कारण मेंदूच्या रक्तवाहिन्यांची भिंत पाण्यात विरघळणाऱ्या बहुतेक पदार्थांना सहजी आत घेत नाही. पण जो रेणू मेंदूत सहज शिरतो, तो शरीराबाहेर सहज जात नाही. मूत्रपिंडानं त्याला गाळून नळीत सोडलं तरी तो नळीच्या भिंतीतून पुन्हा रक्तात परततो. त्याला घालवायचं तर आधी पाण्यात विरघळेल असा करावा लागतो, आणि ते काम यकृताचं. त्यासाठी यकृताकडे सायटोक्रोम पी-४५० नावाचं विकरांचं म्हणजे एन्झाइमांचं मोठं खानदान आहे. यातला ४५० आकडा घराण्यातल्या सदस्यांचा नाही. ही विकरं कार्बन मोनॉक्साइडला चिकटली की ४५० नॅनोमीटर तरंगलांबीचा प्रकाश सर्वांत जास्त शोषतात, त्यावरून हे नाव पडलं. ती औषधाच्या रेणूवर ऑक्सिजनचा एक अणू बसवून देतात आणि तेलकट रेणूला पाण्याची वाट दाखवतात.

फेनोबार्बिटल १९१२ पासून अपस्मारासाठी वापरात आहे. १९६० च्या दशकात ते उंदरांना देऊन त्यांच्या यकृतपेशी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्या गेल्या, तेव्हा पेशीतलं पातळ पडद्यांचं जाळं गच्च वाढलेलं दिसलं. पी-४५० विकरं याच पडद्यांवर बसलेली असतात. म्हणजे काम वाढलं म्हणून यकृतानं कारखान्याचे मजले चढवले, कारागीरही वाढवले! या प्रकाराला विकर-प्रेरण म्हणतात. फेनिटॉइन आणि कार्बामाझेपिन हीदेखील अशीच प्रेरक औषधं.

पण यकृताला हे कळतं कसं? पेशीत ‘कार’ नावाचं एक प्रथिन केंद्रकाबाहेर थांबलेलं असतं. ते केंद्रकात शिरलं की पी-४५० ची जनुकं चालू होतात. वर्षानुवर्षं सगळ्यांची समजूत अशी की फेनोबार्बिटल सरळ ‘कार’ला जाऊन चिकटत असणार. पण ते त्याला चिकटतच नाही. पेशीच्या बाहेरच्या पडद्यावर ईजीएफ या वाढीच्या संदेशवाहकासाठी एक ग्राही, म्हणजे संदेश पकडणारं प्रथिन, असतो. बाहेरून संदेश येत राहतो तोवर ‘कार’वर फॉस्फेटचा एक शिक्का टिकून राहतो, आणि शिक्का आहे तोवर ‘कार’ला केंद्रकात प्रवेश नाही. फेनोबार्बिटल त्या बाहेरच्या ग्राहीवर जाऊन बसतं. संदेश तुटतो, एक फॉस्फटेज (फॉस्फेट काढणारं विकर; रिपोर्टातलं नव्हे, वेगळं) जागं होऊन शिक्का पुसतं आणि ‘कार’ आत जातं. २०१३ मध्ये हा उलगडा झाला. औषध वापरात येऊन तोवर शंभर वर्षं उलटून गेली होती. (इथे धागा सुटला असेल तर सोडून द्या. पुढे लागणारी गोष्ट एवढीच: औषधानं यकृताची मनुष्यबळभरती होते.)

आता पहिला बाण. जीजीटी हेही यकृतपेशीच्या पडद्यावरचं विकर. भरतीच्या गडबडीत तेही जास्त तयार होतं आणि त्यातलं थोडं रक्तात येतं. पेशी फुटलेली नसते, तिचं काम वाढलेलं असतं. पेशी खरोखर फुटत असतील तर एसजीपीटी आणि एसजीओटी ही पेशीच्या आतली विकरं रक्तात चढतात. यकृताची ताकदच घटली तर बिलिरुबिन हे काविळीतलं पिवळं द्रव्य वाढतं, अल्ब्युमिन हे यकृतात बनणारं प्रथिन उतरतं, रक्त गोठायला वेळ लागतो. हे सगळं जागेवर असताना एकट्या जीजीटीचा थोडा चढता बाण म्हणजे बहुधा ओव्हरटाइमची नोंद. गंमत म्हणजे प्रेरक औषधांवर असलेल्या मुलांचं बिलिरुबिन कधीकधी नेहमीपेक्षा कमीच दिसतं, कारण बिलिरुबिन धुऊन काढणारं विकरही वाढलेलं असतं. याच गुणामुळे काही प्रकारच्या काविळीत फेनोबार्बिटल औषध म्हणून दिलं जातं.

कार्बामाझेपिन तर स्वतःलाच संपवणारी माणसं भरती करतं. सुरुवातीला त्याची रक्तातली पातळी निम्म्यावर यायला २५ ते ६५ तास लागतात. तीन ते पाच आठवड्यांनी तेच काम १२ ते १७ तासांत उरकतं. डोस तोच, पण पातळी खाली. शिवाय लहान मुलांचं यकृत वजनाच्या मानानं औषधं आधीच झपाट्यानं संपवतं. पहिल्या महिन्यानंतर डॉक्टर डोस वाढवतात, त्यामागे हेच कारण असू शकतं. औषध ‘लागू पडत नाही’ म्हणून ते बदलायची घाई करू नये.

दुसरा बाण जास्त फसवा. अल्कलाइन फॉस्फटेज यकृतातून येतं तसं हाडांतूनही येतं. वाढत्या मुलाची हाडं रोज घडत असतात, म्हणून निरोगी मुलातही ते प्रौढांच्या दोन-तीन पट असतं. रिपोर्टवर प्रौढांची मर्यादा छापलेली असेल तर प्रत्येक धडधाकट मुलापुढे बाण येणार! पण फिटच्या मुलात आणखी एक शक्यता पाहावी लागते. यकृतानं भरती केलेली विकरं औषधापुरती थांबत नाहीत, समोर येईल त्याला हात घालतात. ड जीवनसत्त्वही त्यांच्या तावडीत सापडतं आणि निरुपयोगी रूपात बदलतं. मग आतड्यातून कॅल्शियम कमी शोषलं जातं, पॅराथायरॉइड संप्रेरक वाढतं आणि रक्तातलं कॅल्शियम टिकवण्यासाठी हाडांतून उचल होते. त्यामुळे कॅल्शियमचा आकडा बराच काळ सोज्वळ दिसतो आणि हाडं मात्र पोकळ होत जातात. वाढलेलं अल्कलाइन फॉस्फटेज अशा वेळी मुडदुसाची चाहूल असू शकतं. ज्या बाणाला लोक यकृताचा समजून घाबरतात, तो खरं तर हाडांचा निरोप असतो. प्रेरक औषध दीर्घकाळ चालणार असेल तर २५-हायड्रॉक्सी व्हिटॅमिन डी (ड जीवनसत्त्वाचा शरीरातला साठा दाखवणारा आकडा) तपासण्याबद्दल डॉक्टरांना जरूर विचारा.

या भीतीवर एक बाजारही जगतो. ‘लिव्हर डिटॉक्स’चे काढे, ‘शंभर टक्के नैसर्गिक, साइड इफेक्ट शून्य’ अशा फिटच्या पुड्या. अशा पुड्या तपासल्यावर त्यांत फेनोबार्बिटल किंवा फेनिटॉइनच निघाल्याची उदाहरणं वैद्यकीय साहित्यात आहेत. तेच औषध, फक्त डोस कुणालाच माहीत नाही. जवळपास चोवीसशे वर्षांपूर्वी ग्रीक वैद्यांनी सांगितलं होतं की अपस्मारात दैवी कोप वगैरे काही नाही, हा मेंदूचा आजार आहे. पुडी विकणाऱ्याला अजून पत्ता लागलेला नाही.

सगळंच निरुपद्रवी आहे, असं मात्र मी म्हणणार नाही. व्हॅल्प्रोएट या फिटच्याच औषधाची जात वेगळी. हा पदार्थ १८८२ मध्ये तयार झाला आणि पुढे निव्वळ द्रावक म्हणून वापरला जाई. १९६२ मध्ये पियेर एमार हे फ्रेंच संशोधक काही वेगळीच संयुगं त्यात विरघळवून तपासत होते, तेव्हा फिट थांबवण्याचा गुण द्रावकातच असल्याचं लक्षात आलं. हे औषध भरती करत नाही, उलट काही विकरांचा हात धरून ठेवतं. सोबत लॅमोट्रिजिन हे फिटचं दुसरं औषध चालू असेल तर ते दुप्पट वेळ रक्तात रेंगाळतं. शिवाय प्रथिनांच्या पचनातून निघणाऱ्या अमोनियाचं युरियात रूपांतर करण्याची पहिलीच पायरी व्हॅल्प्रोएट मंदावतं आणि मेदाम्लांना पेशीच्या भट्टीत पोचवणारं कार्निटिन स्वतःला बांधून लघवीत घेऊन जातं. त्यामुळे एसजीपीटी अगदी नीट असतानाही अमोनिया चढलेला असू शकतो. या गोळीवरचं मूल अचानक सुस्त झालं, उलट्या करू लागलं किंवा आटोक्यात आलेल्या फिट परत आल्या तर वाट पाहू नये. दोन वर्षांखालच्या, एकाहून जास्त औषधं चालू असलेल्या बाळांत गंभीर यकृतविकाराचा धोका सर्वांत जास्त असतो, आणि पीओएलजी या जनुकात दोष असेल तर हे औषध देतच नाहीत. अमोनियाची नळी बर्फात ठेवून तडक प्रयोगशाळेत पोचवावी लागते. ती टेबलावर पडून राहिली तर नळीतल्या नळीत अमोनिया वाढतो आणि नसलेला आजार कागदावर उमटतो.

बाकीच्यांचं थोडक्यात. ऑक्सकार्बाझेपिन आणि कार्बामाझेपिननं मूत्रपिंडं पाणी धरून ठेवतात, त्यामुळे रक्तातलं सोडियम १३५ या नेहमीच्या खालच्या मर्यादेच्याही खाली जाऊ शकतं. ते फार उतरलं तर त्यानंच फिट येते. टोपिरामेट कार्बोनिक अनहायड्रेज या विकराला अडवतं, म्हणून रक्तातली आम्लता सावरणारं बायकार्बोनेट घटतं, कधी मूतखडा होतो, आणि काही मुलांना घाम कमी येऊन ताप चढतो. लेव्हेटिरॅसिटॅम पी-४५० च्या वाटेला जातच नाही. त्याचा बराच भाग जसाच्या तसा लघवीतून निघून जातो.

राहिलं व्हिगाबॅट्रिन, लहान बाळांच्या झटक्यांवरचं. ते मेंदूला शांत ठेवणारं गाबा हे रसायन मोडणारं ट्रान्सअमिनेज जातीचं विकर बंद पाडतं. एसजीपीटी हेही ट्रान्सअमिनेजच, आणि हे औषध घेणाऱ्या बहुतेक मुलांच्या रक्तात त्याचा आकडा खाली येतो. रिपोर्टवर एकही बाण नाही, घरचे खूश. पण याच बाळाचं यकृत उद्या खरंच बिघडलं तर एसजीपीटी वेळेवर चढेल याचा भरवसा नसतो. त्याच्या डॉक्टरांना यकृताची खबर बिलिरुबिन आणि रक्त गोठण्याच्या वेळेवरूनच काढावी लागते.