अविश्वास ठराव: पाडण्यासाठी कमी, बोलायला लावण्यासाठी जास्त

अविश्वास ठरावाची नुसती कुणकुण लागली, की दोन्ही बाजूंची विधानं तयार असतात. सत्ताधारी विचारतात, आकडे कुठे आहेत? विरोधक म्हणतात, भीती नसेल तर चर्चेला या. निवडणुकीनंतर बाकांची अदलाबदल झाली, की हीच वाक्यं तोंडं बदलून पुन्हा ऐकू येतात. या गदारोळात एक साधी गोष्ट बाजूला पडते. 2023पर्यंत लोकसभेत केंद्र सरकारविरुद्ध 28 अविश्वास ठराव आले आणि मतदानाला टाकून एकही मंजूर झाला नाही.

नियम सोपा आहे. राज्यघटनेच्या 75व्या कलमानुसार मंत्रिमंडळ सामूहिकरीत्या लोकसभेला जबाबदार असतं. राज्यसभेत हा ठराव येऊच शकत नाही. लोकसभेच्या नियम 198प्रमाणे 50 सदस्यांनी पाठिंबा दिला की ठराव दाखल होतो आणि दहा दिवसांच्या आत चर्चा घ्यावी लागते. ठरावात कारण लिहिण्याचीही गरज नसते.

पहिला ठराव ऑगस्ट 1963चा, आचार्य कृपलानी यांनी नेहरू सरकारविरुद्ध मांडलेला. स्वातंत्र्य मिळालं तेव्हा काँग्रेसचे अध्यक्ष असलेले हेच कृपलानी. 1962मध्ये उत्तर मुंबईतून ते संरक्षणमंत्री कृष्ण मेनन यांच्याविरुद्ध उभे राहिले आणि पडले. काही महिन्यांतच चीनचं आक्रमण झालं, मेनन यांना जावं लागलं आणि त्यांच्या जागी यशवंतराव चव्हाण दिल्लीला गेले. ‘हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावला’ असं महाराष्ट्रात अजूनही म्हणतात ते या घटनेबद्दल. 1963च्या पोटनिवडणुकांत अमरोह्यातून कृपलानी, फर्रुखाबादमधून राममनोहर लोहिया आणि राजकोटमधून मिनू मसानी निवडून आले. सभागृहाचा नूरच पालटला.

ठराव पडणार हे सगळ्यांनाच ठाऊक होतं. काँग्रेसचं बहुमत प्रचंड होतं. तरी चार दिवस चर्चा चालली. देशातले 27 कोटी लोक दिवसाला तीन आण्यांवर जगतात आणि पंतप्रधानांवर रोज 25 हजार रुपये खर्च होतात, हा लोहियांचा हिशेब तेव्हाचाच. सरकारने तीन नव्हे, पंधरा आणे असं उत्तर दिलं आणि त्यावरून संसदेत स्वतंत्र वाद पेटला. गरिबीचा प्रश्न आण्यांच्या भाषेत सभागृहात आला, हे त्या ठरावाचं मोठंच फलित. मतदानात ठरावाच्या बाजूने 62 आणि विरोधात 347 मतं पडली. नेहरूंचं उत्तर आजच्या प्रवक्त्यांनी वाचावं असं आहे. सरकार हटवून त्याची जागा घेणं हा अशा ठरावाचा हेतू असतो, इथे तशी आशा कोणालाच नव्हती, पण चर्चा उपयोगी झाली आणि अशा परीक्षा अधूनमधून व्हाव्यात, असं ते म्हणाले.

त्यानंतर लालबहादूर शास्त्रींविरुद्ध तीन ठराव आले आणि इंदिरा गांधींविरुद्ध तब्बल पंधरा. त्यातले बरेचसे आता कोणाला आठवतही नसतील.

आठवतो तो जुलै 1979चा. यशवंतराव चव्हाण नुकतेच विरोधी पक्षनेते झाले होते. समोर मोरारजी देसाई. नेहरूंच्या मंत्रिमंडळात एकत्र काम केलेले हे दोघे. मोरारजींना 1977मध्ये पंतप्रधानपदासाठी निवडलं होतं जयप्रकाश आणि कृपलानी या दोघांनी. चव्हाणांनी ठराव मांडला तेव्हा सरकार पडेल असा भरवसा त्यांच्या पक्षालाही नसावा. पण जनता पक्ष आतून उसवत चालला होता. राजनारायण आधीच बाहेर पडले होते, जनसंघातून आलेल्यांच्या संघाशी असलेल्या दुहेरी निष्ठेवरून मधु लिमये आणि इतर समाजवादी अस्वस्थ होते आणि खासदार रोज गटागटाने पक्ष सोडत होते. जॉर्ज फर्नांडिस यांनी सभागृहात सरकारचा जोरदार बचाव केला आणि लगोलग राजीनामा देऊन ते पलीकडे गेले. 15 जुलैला मोरारजींनी राजीनामा दिला. मतं मोजायची वेळच आली नाही.

चव्हाण त्याच महिन्याअखेर चरणसिंग सरकारात उपपंतप्रधान झाले. ते सरकार तर लोकसभेला सामोरंही गेलं नाही. इंदिरा गांधींनी पाठिंबा काढून घेताच 20 ऑगस्टला चरणसिंगांनी राजीनामा दिला.

सरकारं प्रत्यक्ष मतदानात पडली ती विश्वासदर्शक ठरावावर, म्हणजे सरकारने स्वतःच बहुमत दाखवायला मांडलेल्या ठरावावर: 1990मध्ये विश्वनाथ प्रताप सिंह, 1997मध्ये देवेगौडा आणि 17 एप्रिल 1999 रोजी 269 विरुद्ध 270 अशा एका मताने वाजपेयी. गंमत म्हणजे लोकसभेच्या नियमावलीत या ठरावासाठी वेगळा नियमच नाही. आघाड्यांच्या काळात राष्ट्रपती बहुमत सिद्ध करायला सांगू लागले आणि प्रथा रुळली.

अविश्वास ठरावाचा सर्वांत निसटता निकाल 28 जुलै 1993चा. नरसिंह राव यांचं अल्पमतातलं सरकार 251 विरुद्ध 265 असं वाचलं. पुढे या मतदानात सरकार वाचवण्यासाठी झारखंड मुक्ती मोर्चाच्या खासदारांना दिलेल्या लाचेचं प्रकरण निघालं. 1998मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दिलेला निकाल चमत्कारिक होता: लाच घेऊन सभागृहात मत देणाऱ्याला घटनेचं संरक्षण, घेऊनही मत न देणाऱ्याला नाही. तो मोडीत निघायला मार्च 2024 उजाडलं.

अलीकडे लढाई ठराव दाखल होण्यावरूनच सुरू होते. मार्च 2018मध्ये तेलुगू देसम आणि वायएसआर काँग्रेसने नोटिसा दिल्या, पण इतर पक्षांच्या घोषणाबाजीत उभे राहिलेले 50 सदस्य मोजता येत नाहीत, असं अध्यक्ष सुमित्रा महाजन रोज सांगत राहिल्या आणि अधिवेशन संपलं. जुलैत ठराव चर्चेला आला आणि 126 विरुद्ध 325 असा फेटाळला गेला. एनडीएत असलेली शिवसेना मतदानापासून दूर राहिली. 2023मध्ये गौरव गोगोई यांचा ठराव पंतप्रधानांना मणिपूरमधल्या हिंसाचारावर बोलायला लावण्यासाठीच होता, हे विरोधकांनी लपवलंही नाही. पंतप्रधान बोलले, पण त्यांचं भाषण संपायच्या आत विरोधकांनी सभात्याग केला आणि ठराव आवाजी मतदानाने फेटाळला गेला.

महाराष्ट्रात जून 2022मध्ये तर अविश्वास ठराव आलाच नाही. विरोधी पक्षनेते देवेंद्र फडणवीस यांनी राज्यपालांना पत्र दिलं, राज्यपालांनी बहुमत चाचणी बोलावली, सर्वोच्च न्यायालयाने ती रोखली नाही आणि 29 जूनच्या रात्री उद्धव ठाकरे यांनी राजीनामा दिला. 11 मे 2023च्या निकालात न्यायालयाने दोन गोष्टी सांगितल्या. विरोधकांना अविश्वास ठराव मांडायला कोणी अडवलं नव्हतं, आणि राज्यपालांकडे चाचणी बोलावण्याइतका आधार नव्हता. तरीही आधीचं सरकार परत आणता आलं नाही, कारण ठाकरे चाचणीला सामोरे गेले नव्हते.