छद्मावरण म्हणजे नुसती रंगाची जुळणी नव्हे

ऐरोलीजवळ ठाणे खाडीत बोटीतून रोहित पक्ष्यांचे थवे पाहत असताना शेजारचे एक गृहस्थ आपल्या नातीला सांगत होते की, संध्याकाळच्या लाल आकाशात मिसळून जाता यावे म्हणून हे पक्षी गुलाबी असतात. गंमत म्हणजे अमेरिकन चित्रकार ॲबट थेयर यांनीही शंभराहून अधिक वर्षांपूर्वी नेमके हेच प्रतिपादन केले होते आणि त्यावरून त्यांची थट्टाही झाली होती. मावळतीच्या उजेडासमोर उभा असलेला पक्षी, त्याचा रंग कोणताही असो, आपल्याला काळसरच दिसतो. रोहितांचा गुलाबीपणा तर त्यांच्या खाद्यातल्या कॅरोटिनॉइड द्रव्यांतून येतो.

‘कॅमूफ्लाज’ हा शब्द मूळचा फ्रेंच असून वेष पालटणे, सोंग घेणे अशा अर्थाच्या क्रियापदापासून आलेला आहे. पहिल्या महायुद्धात फ्रेंच सैन्याने तोफा झाकण्यासाठी चित्रकारांची तुकडी उभारली, तेव्हा तो जगभर पसरला. मराठीत आपण त्याला छद्मावरण म्हणतो.

थेयर यांनी १८९६ साली मांडलेला विचार मात्र आजही टिकून आहे. चित्रकलेच्या तासाला आपण वर्तुळाच्या खालच्या भागात छाया भरतो आणि सपाट वर्तुळाचा चेंडू होतो, कारण वरून उजेड पडलेली वस्तू वर उजळ आणि खाली काळोखी असणार, हे डोळ्याने गृहीत धरलेले असते. खाडीतल्या बोई माशाची पाठ गडद आणि पोट पांढुरके असते, म्हणजे छाया नेमकी उलटी भरलेली असते. डोळ्यापर्यंत पोहोचणारा उजेड हा पडलेला प्रकाश आणि त्वचेची परावर्तनक्षमता यांचा गुणाकार असतो. पोटापेक्षा पाठीवर चौपट प्रकाश पडत असेल आणि पाठ त्यातला २० टक्के, तर पोट ८० टक्के परत पाठवत असेल, तर दोन्ही गुणाकार सारखे येतात, गोलाई पुसली जाते आणि मासा बाजूने पाहणाऱ्याला सपाट भासतो. हे गणित प्रकाशाच्या दिशेवर अवलंबून असल्यामुळे भर उन्हात आणि ढगाळ हवेत त्याचे उत्तर एकच येत नाही.

सैनिकी छापाचा सदरा घालून येऊरच्या जंगलात गेल्यास बिबट्याला आपण दिसत नाही, असे मानणाऱ्यांनी एवढे लक्षात घ्यावे की, असा छाप आकृतीची कड मोडतो, हालचाल आणि वास लपवत नाही.

थेयर यांच्या बाजूने सर्वांत बोलकी साक्ष काँगो नदीच्या खोऱ्यातला, शिंगाळ्यासारख्या मिशा असलेला एक मासा देतो: तो बहुधा उताणा पोहतो, आणि त्याचे पोट पाठीपेक्षा गडद असते.