वेळ वाचला, दिवस गेला: क्राउडवर्करांच्या अवजारांची पार्श्वभूमी

अ‍ॅमेझॉनने नोव्हेंबर २००५ मध्ये मेकॅनिकल टर्क हा कामाचा बाजार खुला केला. संगणकाला जमत नाहीत पण माणसाला चुटकीसरशी जमतात अशी बारीकसारीक कामे तिथे काही सेंटच्या दराने मिळतात: फोटोत काय दिसते ते सांगणे, दोन नोंदी एकाच वस्तूच्या आहेत का ते पाहणे, ध्वनिमुद्रण ऐकून मजकूर टाइप करणे. इंटरनेटवरून अशी सुटी कामे करणारे ते क्राउडवर्कर. नाव घेतले ते फॉन केम्पेलेनने १७७० मध्ये व्हिएन्नात दाखवलेल्या बुद्धिबळ खेळणाऱ्या यंत्रावरून. त्या यंत्राच्या पोटात एक खेळाडू दडवलेला असे. कंपनीने हे नाव हौसेने निवडले, यातच बरेच काही आले.

या बाजारात मोबदला फक्त पुऱ्या झालेल्या आणि पसंत पडलेल्या टास्कचा. काम शोधण्यात गेलेला वेळ कामगाराचा स्वतःचा. चांगल्या पैशांची टास्क यादीत झळकली की काही सेकंदांत संपते, कारण तिच्यावर डोळा ठेवून बसलेले हजारो असतात. शिवाय काम देणारा, म्हणजे रिक्वेस्टर, केलेले काम नापसंत ठरवून पैसे नाकारू शकतो आणि काम स्वतःकडे ठेवूही शकतो. नापसंतीचा डाग कामगाराच्या पसंतीच्या टक्केवारीवर पडतो. अनेक टास्कना ९५ टक्के किंवा त्याहून जास्तीची अट असल्याने चार-दोन नकारांत दारे बंद होऊ लागतात. काम कुठे आहे आणि देणारा कसा आहे, या दोन्ही प्रश्नांची धड उत्तरे बाजाराने दिली नाहीत, तेव्हा कामगारांनी ती आपापसांत शोधली.

त्याच सुमारास ग्रीझमंकीसारखी ब्राउझर एक्स्टेंशन आली होती. दुसऱ्याच्या वेबपानावर आपली छोटी स्क्रिप्ट चालवून त्यात हवा तो बदल करता येऊ लागला. प्रोग्रॅमिंग येणाऱ्या कामगारांनी अशा स्क्रिप्ट लिहिल्या आणि बहुतेकदा फुकट वाटल्या. या क्षेत्रातली ‘उत्पादकतेची साधने’ अशी खालून वर आली, हे विसरता कामा नये. कचेरीत साधन मालक आणतो. इथे ते कामगाराने पदरचे तास घालून बनवले आणि त्यामुळे बाजार सुरळीत चालल्याचा फायदा मालकाला आयता मिळाला.

सुरुवातीच्या साधनांपैकी सगळ्यात महत्त्वाचे टर्कोप्टिकॉन. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या अर्व्हाइन शाखेतील लिली इराणी आणि सिक्स सिल्बरमन यांनी २००८ मध्ये कामगारांना विचारले, की तुमच्या हक्कांची सनद लिहायची तर त्यात काय असावे? आलेल्या उत्तरांतून हे एक्स्टेंशन घडले. रिक्वेस्टरच्या नावाशेजारी इतर कामगारांनी दिलेले गुण दिसत: संवाद, मोबदला, न्याय्य वागणूक आणि पैसे देण्यातली तत्परता. वाईट गिऱ्हाईक आधीच कळल्याने फुकट जाणारे तास वाचत. माझ्या मते हे साधन बाकीच्यांहून वेगळे होते, कारण एकाने नोंदवलेला अनुभव सगळ्यांच्या कामी येई.

नंतर जोर धरला तो टास्क पकडणाऱ्या स्क्रिप्टनी. कामगार त्यांना ‘पांडा’ आणि ‘कॅचर’ या नावांनी ओळखतात. हव्या त्या टास्कचा दुवा स्क्रिप्टला दिला की ती ठरावीक अंतराने, अगदी दर सेकंदालाही, ती टास्क मागत राहते आणि मिळताच घंटी वाजवते. मागणीचा वेग फार वाढला तर साइट चूक दाखवून विनंती फेटाळते, म्हणून वेगाशी खेळत बसावे लागते. रांगेत एका वेळी २५ टास्क ठेवता येतात, पण घेतल्या क्षणापासून प्रत्येकीची मुदत सुरू होते. परिणाम असा, की हातातले काम अर्धे असताना दुसऱ्या टॅबमध्ये घंटी वाजते, तिसऱ्यात मुदत संपत आलेली असते आणि जेवताना, झोपेतसुद्धा कान स्पीकरकडेच असतो. भारतातल्या कामगारांच्या बाबतीत यात घड्याळाचीही भर पडते: अमेरिकेतला दिवस म्हणजे इथली रात्र.

२०१९ मध्ये अ‍ॅलेक्स विल्यम्स, ग्लोरिया मार्क, एडिथ लॉ आदींच्या अभ्यासाने हेच मांडले: या साधनांमुळे कामाचे तुकडे वाढतात आणि काम व घर यांतली सीमा पुसट होते. दोष साधन बनवणाऱ्याचा नाही. एकट्याकडेच कॅचर असेपर्यंत तो पुढे राहतो. सगळ्यांकडे आला की तो नसणारा बाहेर फेकला जातो आणि असणाऱ्यांच्या पदरात जास्तीचे काही पडत नाही.

कमाईचे आकडेही हेच सांगतात. २०१८ च्या एका अभ्यासात २,६७६ कामगारांनी केलेल्या ३८ लाख टास्क तपासल्या. मध्यक कमाई, म्हणजे निम्मे कामगार जिच्या खाली राहतात ती, तासाला सुमारे २ डॉलर निघाली. अमेरिकेच्या संघीय किमान वेतनापेक्षा, म्हणजे तासाला ७.२५ डॉलरपेक्षा, जास्त मिळवणारे होते ४ टक्के. शोधाशोध, नाकारलेली कामे आणि अर्ध्यात सोडलेली कामे यांनी बाकीचा वेळ खाल्ला होता.

फ्रीलान्स बाजारात साधनाची मूठ उलट्या बाजूला, म्हणजे काम देणाऱ्याच्या हातात, आहे. ओडेस्क या फ्रीलान्स कामाच्या साइटने, म्हणजे २०१५ पासूनच्या अपवर्कने, तासावारी कामासाठी ‘वर्क डायरी’ आणली: दर दहा मिनिटांच्या भागाला कामगाराच्या पडद्याचा एक फोटो, सोबत कळा आणि माउसच्या हालचालींची मोजणी. नको असलेला फोटो पुसता येतो, पण त्या दहा मिनिटांच्या पैशांवर पाणी सोडून.

आता नवे अवजार आले आहे. २०२३ मध्ये स्वित्झर्लंडच्या ईपीएफएल संस्थेतील संशोधकांनी मेकॅनिकल टर्कवर मजकुराचा सारांश करण्याचे काम दिले आणि अंदाज बांधला, की ३३ ते ४६ टक्के कामगारांनी ते चॅटजीपीटीसारख्या भाषा मॉडेलकडून करून घेतले असावे. तुकड्यावर पैसे मिळतात तिथे वेग वाढवणारे काहीही वापरले जाणार, यात नवल नाही. हा अंदाज बांधायला संशोधकांनी कामगारांच्या कळा दाबण्याच्या नोंदीही वापरल्या होत्या.