तलावाच्या पाळेवरून वन्यजीव बघणं (पायी आणि घोड्यावरून)

तलावाच्या पाळेवरून पायी किंवा घोड्यावर बसून सावकाश जायचं, मधे मधे थांबायचं, पाण्यातले अन् काठावरचे पक्षी-प्राणी बघायचे, असा हा प्रकार. बडोदेकरांसाठी त्याची हक्काची जागा म्हणजे डभोई तालुक्यातला वढवाणा तलाव, शहरापासून साधारण 50 किमी. सयाजीराव महाराजांच्या काळात, 1910 च्या आसपास, शेतीच्या पाण्यासाठी हा बांधला, ओरसंग नदीचं पाणी जोजवा बंधाऱ्यावरून कालव्याने इथे येतं, आणि 2021 मध्ये तो रामसर यादीत, म्हणजे महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय यादीत गेला, क्षेत्र 630 हेक्टर. शेतकऱ्यांसाठी अडवलेल्या पाण्यावर एवढे पक्षी आपणहून आले हे मला फार मोठं वाटतं.

सीझन नोव्हेंबर ते फेब्रुवारी. खरं आकर्षण पट्टकादंब हंसांचं, पांढऱ्या डोक्यावर मागच्या बाजूला दोन काळे पट्टे, मंगोलिया-तिबेटकडून हिमालय ओलांडून येतात, 7000 मीटरच्या वर उडताना त्यांची नोंद झालीय. दिवसा पाण्यावर आराम, अंधार पडायला लागला की शेतात चरायला. शिवाय मोठी लालसरी अन् चक्रवाक ही बदकं, चित्रबलाक हा करकोचा, कमळाच्या पानांवरून लांब बोटांनी चालणारा कमळपक्षी, आणि काठच्या शेतांत नीलगाय.

पायी जाताना सकाळी ऊन पाठीमागे ठेवा, कपडे मातकट रंगाचे, अन् पाळेच्या माथ्यावर उभं राहू नका, आभाळासमोर माणूस लांबूनच दिसतो, थोडं उतारावर थांबलं की बदकं निवांत राहतात. घोड्यावरून मात्र वेगळं गणित असतं, बरेच प्राणी घोड्यावरच्या माणसाला चालत्या माणसाइतके बिचकत नाहीत आणि उंचीमुळे गवतापलीकडचं दिसतं. शिवाय घोड्याचे कान बघत राहायचे. काठियावाडी घोड्याच्या कानांची टोकं आत वळून एकमेकांना टेकतात, ते कान एकदम वळून एका दिशेला थबकले की तिकडे काहीतरी आहे समजा, मुंगूस असेल नाहीतर साप, आपल्याला कळायच्या आधी त्याला कळलेलं असतं. घोडा चालीतच ठेवायचा, दुडकी नाही, आणि परवानगी असेल तिथेच न्यायचा.

अंतराचा नियम सोपा आहे, हंसांनी माना वर केल्या की आपण जास्त जवळ आलो, मागे फिरा. फोटोसाठी कळप उडवणं तर अजिबात नको, परतीच्या प्रवासासाठी साठवलेली चरबी त्यांची त्यात खर्च होते, आणि हे पाहिलं की मला खरंच वाईट वाटतं.

मार्चपर्यंत हंस निघून जातात, पाणी ओसरतं, मग पाळ टिटव्यांची. उघड्या जमिनीवर, खड्यांसारखीच दिसणारी बहुधा चार अंडी, टिटवी डोक्यावर घिरट्या घालत ओरडायला लागली की जागीच थांबा, पायाखाली बघा आणि घोडा आल्या वाटेने परत न्या.